मूलद्रव्यांची कुळे : साम्य, पायरी आणि सावधगिरी



ज्या गुरुजींच्या स्मृतीप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आयुष्यभर विज्ञान शिकवले. त्यांच्या नावाने दिल्या जाणाऱ्या व्याख्यानात रसायनशास्त्रातील एखादा पायाभूत विषय घ्यावा, असे माझ्या मनात आले आणि मी मूलद्रव्यांच्या कुळांचा विषय निवडला. आपल्यापैकी बहुतेकांनी आवर्त सारणीचा तक्ता शाळेत पाहिला आहे. अनेकांनी तो पाठही केला असेल. परीक्षा संपल्यावर त्यातले फारसे काही लक्षात राहत नाही, हाही अनुभव सार्वत्रिक आहे. मी स्वतः रसायनशास्त्र शिकवत आलो असल्यामुळे, हा तक्ता नावांची यादी म्हणून शिकवला तर तो रुक्ष होतो आणि कुळांची वंशावळ म्हणून शिकवला तर बोलू लागतो, असे माझे मत झाले आहे.

आज मला एकच गोष्ट सांगायची आहे. कुळ ओळखताना दोन बाबी एकत्र ध्यानात ठेवाव्या लागतात : कुळातील साम्य आणि कुळातील पायरी. साम्याच्या बळावर मनुष्याने न पाहिलेल्या पदार्थांची भाकिते केली आणि ती खरी ठरली. परंतु त्याच साम्याने मनुष्याला फसवलेही आहे, आणि त्याची किंमत कित्येकांनी प्राणांनी मोजली आहे. या दोन्ही बाजू मी आपल्यापुढे मांडणार आहे.

कुळांची पहिली ओळख

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी नवनवी मूलद्रव्ये झपाट्याने हाती येत होती. सर हम्फ्री डेव्ही यांनी 1807 साली विजेच्या साहाय्याने पोटॅशियम आणि सोडियम वेगळे केले. फ्रान्समध्ये 1811 साली आयोडीन आणि 1826 साली ब्रोमीन सापडले. या गर्दीत काही व्यवस्था आहे की नाही, हा प्रश्न साहजिकच पुढे आला.

जर्मन रसायनशास्त्रज्ञ डोबरायनर यांनी 1829 साली तीन-तीन मूलद्रव्यांची त्रिके मांडली. लिथियमचा अणुभार 7, पोटॅशियमचा 39. या दोहोंची सरासरी 23, आणि नेमका तोच सोडियमचा अणुभार! गुणधर्मांतही सोडियम या दोघांच्या मधोमध बसतो. क्लोरीन, ब्रोमीन व आयोडीन यांचे, तसेच कॅल्शियम, स्ट्राँशियम व बेरियम यांचेही असेच. थोरला, मधला आणि धाकटा अशी भावंडे ओळखू यावीत, तशी ही त्रिके होती.

पुढे इंग्लंडमध्ये न्यूलँड्स यांनी 1865 साली मूलद्रव्ये अणुभारांच्या चढत्या क्रमाने मांडली, तेव्हा प्रत्येक आठवे मूलद्रव्य पहिल्यासारखे वागते असे त्यांना दिसले. पाश्चात्त्य संगीतातील स्वरसप्तकावरून त्यांनी या नियमाला नाव दिले. आपल्याला ही कल्पना समजण्यास मुळीच अडचण पडू नये. सा पासून निघून नि पर्यंत गेल्यावर पुन्हा सा येतो. तो वरच्या सप्तकातला असतो, पण सा म्हणूनच ओळखू येतो. लिथियमनंतर सोडियम हा असा वरचा सा आहे. पुढच्या वर्षी लंडनच्या केमिकल सोसायटीत हा विचार मांडला गेला, तेव्हा ‘मूलद्रव्ये वर्णाक्षरांच्या क्रमाने लावून पाहिलीत का?’ अशा आशयाचा उपरोधिक प्रश्न त्यांना विचारला गेला. त्याच न्यूलँड्स यांना रॉयल सोसायटीने 1887 साली डेव्ही पदक दिले. न्यूलँड्स यांची अडचण खरी होती : जड मूलद्रव्यांपाशी त्यांचे सप्तक बेसूर होई, आणि अजून न सापडलेल्या मूलद्रव्यांसाठी त्यांनी जागा ठेवल्या नव्हत्या.

रिकाम्या जागांचे धैर्य

त्या जागा ठेवण्याचे धैर्य रशियाच्या दिमित्री मेंडेलीव्ह यांनी दाखवले. त्यांनी 1869 साली आपली सारणी प्रसिद्ध केली, तेव्हा 63 मूलद्रव्ये ठाऊक होती. अणुभार आणि कुळ यांचा मेळ बसत नसेल, तर मेंडेलीव्ह कुळाच्या बाजूने कौल देत. टेल्यूरियमचा अणुभार आयोडीनपेक्षा थोडा अधिक आहे. अणुभाराचा क्रम पाळला असता तर आयोडीन गंधकाच्या कुळात आणि टेल्यूरियम क्लोरीनच्या कुळात जाऊन बसले असते. मेंडेलीव्ह यांनी ही अदलाबदल होऊ दिली नाही. अणुभार मोजण्यात कोणाची तरी चूक झाली असावी, असे त्यांनी मानले. मोजमाप बरोबर होते. पण त्यांचा कौलही बरोबरच होता. त्याचे कारण 1913 साली मोझली या तरुण इंग्रज संशोधकाने क्ष-किरणांच्या साहाय्याने दाखवले : खरा क्रम अणुभाराचा नसून अणुकेंद्रातील धन प्रभाराचा, म्हणजे अणुक्रमांकाचा असतो. हा मोझली 1915 साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, गॅलिपोलीच्या रणभूमीवर मारला गेला.

जिथे कुळाला साजेसे मूलद्रव्य मिळेना, तिथे मेंडेलीव्ह यांनी घर रिकामे सोडले आणि 1871 साली त्या घरांत पुढे येणाऱ्या तिघांची वर्णने लिहून ठेवली. त्यांना नावे देताना त्यांनी आपल्या संस्कृतातील ‘एक’ हा शब्द उपसर्गासारखा वापरला : एक-अ‍ॅल्युमिनियम, एक-बोरॉन, एक-सिलिकॉन. कुळातील ज्ञात मूलद्रव्यापासून एक घर पलीकडचे, असा त्याचा अर्थ.

चार वर्षांनी, 1875 साली, फ्रान्समध्ये गॅलियम सापडले. शोधकर्त्याने त्याची घनता 4.7 भरली असे कळवले. एक-अ‍ॅल्युमिनियमची घनता 5.9 च्या आसपास असली पाहिजे, तेव्हा नमुना शुद्ध करून पुन्हा मोजावे, असे मेंडेलीव्ह यांनी सुचवले. पुन्हा मोजल्यावर ती 5.9 भरली! ज्याने तो धातू डोळ्यांनी पाहिलाही नव्हता, त्याला तो प्रत्यक्ष हाताळणाऱ्यापेक्षा अधिक अचूक ठाऊक होता. कारण त्याला ते कुळ ठाऊक होते. पाठोपाठ 1879 साली स्कँडियम आणि 1886 साली जर्मेनियम मिळाले. एक-सिलिकॉनचा अणुभार 72 आणि घनता 5.5 असेल, असे मेंडेलीव्ह यांनी लिहिले होते. विंक्लर यांना सापडलेल्या जर्मेनियमचा अणुभार 72 हून किंचित अधिक आणि घनता 5.4 च्या जवळ निघाली. त्याचे क्लोराइड शंभर अंशांच्या खाली उकळेल, हे भाकीतही 86 अंशांवर खरे ठरले.

एका इलेक्ट्रॉनचे ओझे : अल्कली धातू

आता प्रत्यक्ष कुळांकडे वळू. सारणीच्या डाव्या कडेला लिथियम, सोडियम, पोटॅशियम, रुबिडियम, सिझियम आणि फ्रान्सियम यांचा उभा स्तंभ आहे. हे अल्कली धातूंचे कुळ. धातू म्हटले की आपल्या मनात लोखंडाचा कठीणपणा येतो. पण सोडियम सुरीने लोण्यासारखा कापता येतो. लिथियम, सोडियम आणि पोटॅशियम तर पाण्यावर तरंगतात. हवेत ते टिकत नाहीत. म्हणून प्रयोगशाळेत ते खनिज तेलात बुडवून ठेवतात.

या सर्वांच्या स्वभावाचे मूळ एकच आहे. प्रत्येकाच्या अणूच्या सर्वांत बाहेरच्या कवचात एकच इलेक्ट्रॉन असतो. तो देऊन टाकला की आतले भरलेले कवच उघडे पडते आणि अणूची बांधणी स्थिर होते. म्हणून हे धातू तो एकुलता इलेक्ट्रॉन देण्यास सदैव उत्सुक असतात. हे झाले साम्य.

पायरी अशी की, कुळात जसजसे खाली जावे तसतशी कवचांची संख्या वाढते, बाहेरचा इलेक्ट्रॉन अणुकेंद्रापासून दूर जातो आणि त्याच्यावरची पकड सैल होते. तो काढून घेण्यास लिथियमच्या बाबतीत 5.4 इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते, सोडियमला 5.1, पोटॅशियमला 4.3, रुबिडियमला 4.2 आणि सिझियमला केवळ 3.9. याचा परिणाम पाण्यात दिसतो. लिथियम पाण्यावर संथपणे बुडबुडे सोडतो. सोडियम वितळून गोळी होतो आणि पृष्ठभागावर सैरावैरा धावतो. पोटॅशियम जांभळट ज्योतीने पेट घेतो. सिझियमचा पाण्याशी स्पर्श होताच स्फोट होतो. वितळण्याचे तापमानही असेच उतरत जाते : लिथियम सुमारे 180 अंश सेल्सिअसला, सोडियम 98 अंशांना, पोटॅशियम 63 अंशांना आणि सिझियम साडेअठ्ठावीस अंशांना वितळतो. म्हणजे आपल्याकडच्या वैशाखातल्या दुपारी सिझियम बंद नळीत द्रवरूपच राहील.

एका इलेक्ट्रॉनची उणीव : हॅलोजन

सारणीच्या उजव्या बाजूला याच्या नेमके उलट कुळ आहे : फ्लुओरीन, क्लोरीन, ब्रोमीन आणि आयोडीन. हॅलोजन या ग्रीक शब्दाचा अर्थ मीठ निर्माण करणारा. यांच्या बाहेरच्या कवचात सात इलेक्ट्रॉन असतात. आठ होण्यास एकच कमी. अल्कली धातू देण्यास उतावीळ, तर हे घेण्यास. दोघांची गाठ पडली की लवण तयार होते. सोडियम हा पाण्याला आग लावणारा धातू, क्लोरीन हा पहिल्या महायुद्धात शस्त्र म्हणून वापरलेला विषारी वायू. आणि दोघांच्या संयोगातून आपल्या पानात डाव्या बाजूला वाढले जाते ते मीठ.

या कुळात पायऱ्या नुसत्या डोळ्यांनी मोजता येतात. फ्लुओरीन फिकट पिवळा वायू, क्लोरीन हिरवट पिवळा वायू, ब्रोमीन तांबूस तपकिरी द्रव आणि आयोडीन काळसर जांभळा स्थायू. उकळण्याची तापमाने अनुक्रमे उणे 188, उणे 34, अधिक 59 आणि अधिक 184 अंश सेल्सिअस. एक लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, अल्कली धातूंमध्ये खाली जावे तशी क्रियाशीलता वाढते, तर हॅलोजनांमध्ये ती घटते. विद्यार्थी हे दोन नियम वेगवेगळे पाठ करतात. वास्तविक कारण एकच आहे. अणू मोठा झाला की अणुकेंद्राची बाहेरच्या कवचावरील पकड सैल होते. ज्याला इलेक्ट्रॉन द्यायचा आहे त्याला ती सैल पकड सोयीची. ज्याला इलेक्ट्रॉन ओढून घ्यायचा आहे त्याला ती गैरसोयीची. म्हणून सर्वांत लहान फ्लुओरीन हा सर्वांत आक्रमक. त्याला वेगळा करण्याच्या प्रयत्नात अनेक संशोधक जखमी झाले, काहींनी प्राण गमावले. अखेर मॉइसाँ यांना 1886 साली यश आले.

ज्यांना काही नको : निष्क्रिय वायू

तिसरे कुळ तृप्तांचे. त्यांचे बाहेरचे कवच भरलेले असते. त्यांना काही द्यायचे नसते, घ्यायचे नसते. या कुळाच्या शोधाची कथा आपल्या या सीमाभागाला स्पर्श करून जाते. दिनांक 18 ऑगस्ट 1868 रोजी भारतातून खग्रास सूर्यग्रहण दिसले. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होते, आणि रॉयल सोसायटीच्या वतीने लेफ्टनंट जॉन हर्शेल निरीक्षणासाठी आले होते ते जमखंडीला! सूर्याच्या कडेवरील ज्वालांच्या वर्णपटात निरीक्षकांना तेजस्वी रेषा दिसल्या. त्यांत एक पिवळी होती. प्रथम ती सोडियमची वाटली. पुढे इंग्लंडमध्ये लॉकियर यांनी ती रेषा सोडियमच्या रेषांशी जुळत नाही हे दाखवले आणि सूर्यावरच्या या अज्ञात मूलद्रव्याला हीलियम हे नाव मिळाले. कोकणातील विजयदुर्गाशीही या शोधाचे नाव जोडले जाते. परंतु त्या ग्रहणाच्या वेळी लॉकियर स्वतः इंग्लंडमध्येच होते.

पृथ्वीवर या कुळाचा माग दशांशाच्या तिसऱ्या स्थानात लागला. हवेतून मिळवलेल्या नायट्रोजनचे वजन लिटरला 1.257 ग्रॅम आणि रासायनिक संयुगांतून मिळवलेल्या नायट्रोजनचे 1.250 ग्रॅम, एवढा फरक लॉर्ड रॅली यांना दिसला. एखाद्याने ती प्रयोगातील चूक म्हणून सोडून दिली असती. रॅली आणि विल्यम रॅम्झे यांनी तिचा पाठपुरावा केला आणि 1894 साली हवेत दडलेला आरगॉन हाती आला. हवेच्या शंभर भागांत तो जवळजवळ एक भाग असतो. आपण प्रत्येक श्वासाला तो आत घेतो आणि जसाच्या तसा बाहेर सोडतो. रॅम्झे यांनी 1895 साली एका खनिजातून हीलियम मिळवला, आणि 1898 साली मॉरिस ट्रॅव्हर्स यांच्यासह निऑन, क्रिप्टॉन व झेनॉन हे तीन वायू शोधले. जमशेटजी टाटांच्या नियोजित विज्ञानसंस्थेसाठी बंगळूरची जागा सुचवली ती याच रॅम्झे यांनी, आणि त्या संस्थेचे पहिले संचालक झाले ते हेच ट्रॅव्हर्स.

मेंडेलीव्ह यांच्या सारणीत या वायूंसाठी एकही घर नव्हते. तरीही सारणी मोडली नाही. उजव्या कडेला एक संपूर्ण नवा स्तंभ जोडला गेला आणि बाकीचे सर्व आपापल्या जागी राहिले. न्यूलँड्स यांचे आठवे घर मात्र आता नववे झाले.

हे वायू कशाशीही संयोग पावत नाहीत, असे पुढची कित्येक दशके शिकवले गेले. नील बार्टलेट यांनी 1962 साली कॅनडात हा समज मोडला. प्लॅटिनम हेक्साफ्लुओराइड हे संयुग ऑक्सिजनच्या रेणूतून इलेक्ट्रॉन हिसकावते, हे त्यांनी पाहिले होते. झेनॉनमधून इलेक्ट्रॉन काढण्यास लागणारी ऊर्जा जवळजवळ तेवढीच आहे, हे त्यांच्या ध्यानात आले. दोन वायू एकत्र येताच नारिंगी-पिवळा स्थायू तयार झाला. कुळाचा नियम हीलियम आणि निऑनला जसा लागू होतो, तसाच खालच्या पायरीवरच्या झेनॉनला लागू होत नाही. साम्य पाहणाऱ्या सर्वांनी जी पायरी दुर्लक्षिली होती, ती बार्टलेट यांनी पाहिली.

शरीराची फसगत

येथवर आपण प्रयोगशाळेत होतो. आता ज्या भागासाठी मी हा विषय निवडला, तिकडे येतो. आपले शरीरही मूलद्रव्ये ओळखते. परंतु ते ओळखते कुळाच्या खुणांनी. आयनावर किती प्रभार आहे, त्याचा आकार केवढा, एवढेच पाहून ते त्याला आत घेते. कुळातला नातलग त्याच वेशात आला, तर पहारेकरी फसतो.

कॅल्शियमच्या कुळाचे पाहा. बेरिलियम, मॅग्नेशियम, कॅल्शियम, स्ट्राँशियम, बेरियम आणि रेडियम हे सहा अल्कधर्मी मृदा धातू. सर्वांच्या बाहेरच्या कवचात दोन इलेक्ट्रॉन. आपली हाडे कॅल्शियमच्या फॉस्फेटाची बनलेली असतात. क्युरी दांपत्याने 1898 साली शोधलेले रेडियम हा कॅल्शियमचा नातलग. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात 1917 पासून घड्याळांच्या तबकड्यांवर रेडियमचा चमकणारा रंग भरण्यासाठी तरुण मुली कामाला होत्या. कुंचल्याचे टोक बारीक करण्यासाठी तो ओठांत धरण्याची पद्धत होती. पोटात गेलेले रेडियम शरीराने कॅल्शियम समजून हाडांत नेऊन ठेवले आणि तेथून त्याचे किरण वर्षानुवर्षे बाहेर पडत राहिले. त्यांच्या जबड्यांची हाडे झडली, अनेकींना मृत्यू आला. पाच जणींनी दाद मागितली. 1928 साली त्यांच्या दाव्यात तडजोड झाली.

पुढे अणुबाँबच्या उघड्यावरील चाचण्या सुरू झाल्या, तेव्हा स्ट्राँशियम-90 हवेतून गवतावर, गवतातून गाईच्या दुधात आणि दुधातून मुलांच्या हाडांत पोहोचले. त्याची निम्मी राशी क्षय पावण्यास सुमारे 29 वर्षे लागतात. अमेरिकेतील सेंट लुई शहरात 1958 साली मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा करण्याचा उपक्रम सुरू झाला. सुमारे तीन लाख दात जमा झाले. चाचण्यांच्या काळात जन्मलेल्या मुलांच्या दातांत स्ट्राँशियम वाढत गेल्याचे त्यांतून दिसून आले. वातावरणातील अणुचाचण्यांवर बंदी घालणारा करार 1963 साली झाला, त्यामागील लोकमताला या दातांनीही बळ दिले होते.

याच कुळातले बेरियम मात्र डॉक्टर आपल्याला हाताने पाजतात. पोटाच्या क्ष-किरण तपासणीपूर्वी जो पांढरा घोट घ्यावा लागतो, तो बेरियम सल्फेटचा. पाण्यात विरघळणारी बेरियमची लवणे तीव्र विष आहेत. पण सल्फेट विरघळतच नाही, त्यामुळे ते आल्या वाटेने निघून जाते. म्हणजे कुळ कळले, एवढ्यावर भागत नाही. मूलद्रव्य कोणत्या संयुगाच्या रूपात आले आहे, तेही विचारावे लागते.

अल्कली धातूंची कथा अशीच दुहेरी आहे. सोडियम आणि पोटॅशियम आपल्या प्रत्येक पेशीला हवे असतात. त्यांचा थोरला भाऊ लिथियम. हृदयविकाराच्या रुग्णांना सोडियम वर्ज्य, म्हणून मिठाऐवजी लिथियम क्लोराइड वापरण्याची कल्पना अमेरिकेत निघाली. चव खारटच होती. परंतु 1949 साली त्यामुळे विषबाधा आणि मृत्यू झाल्यावर ते मागे घ्यावे लागले. योगायोग असा की, त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातील डॉक्टर जॉन केड यांनी उन्मादाच्या मनोरुग्णांवर लिथियमचा उपचार प्रसिद्ध केला. आजही असंख्य रुग्णांना त्याचा आधार आहे, मात्र रक्तातील त्याचे प्रमाण मोजत मोजतच तो द्यावा लागतो. एकच मूलद्रव्य, एकच वर्ष. गृहीत धरले तेथे विष, मोजून दिले तेथे औषध.

कुळाच्या दुसऱ्या टोकाला सिझियम. ब्राझीलमधील गोयानिया शहरात 1987 साली एका सोडून दिलेल्या रुग्णालयीन जागेतून किरणोपचाराचे यंत्र चोरीस गेले आणि भंगारात फोडले गेले. आत अंधारात निळसर चमकणारी पूड होती : सिझियम-137 चे क्लोराइड. लोकांनी ती कौतुकाने घरी नेली, अंगाला लावली. सिझियम क्लोराइड साध्या मिठासारखे पाण्यात विरघळते, हा कुळाचाच गुण. आणि पोटॅशियमचा नातलग म्हणून शरीराने त्याला स्नायूंत आश्रय दिला. 249 जणांच्या शरीरात वा अंगावर त्याचे अंश सापडले, चौघे दगावले, त्यांत सहा वर्षांची एक मुलगी होती. परंतु उपायही कुळाच्या ज्ञानातूनच आला. प्रशियन ब्लू हा चित्रकारांचा निळा रंग आतड्यातील सिझियमला धरून ठेवतो आणि शरीराबाहेर नेतो. 46 जणांना तो देण्यात आला.

आपल्या विहिरीपर्यंत

हे सर्व दूरदेशीचे आहे, असे कोणी म्हणू नये. हॅलोजन कुळातील दोघांशी आपला रोजचा संबंध आहे. आयोडीन प्रौढ माणसाला दिवसाला सुमारे 150 मायक्रोग्रॅम पुरते; पण तेवढेही न मिळाल्यास गलगंड होतो आणि मातेला ते कमी पडल्यास मुलाच्या बुद्धीची वाढ खुंटते. हिमालयातील कांगडा खोऱ्यात डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासातून आयोडीनयुक्त मिठाचा उपयोग सिद्ध झाला, आणि 1962 साली देशात गलगंड नियंत्रणाचा कार्यक्रम सुरू झाला.

त्याच कुळातील फ्लुओरीनचे गणित वेगळे. त्याचा अल्प अंश दातांना बळकटी देतो. पाण्यात लिटरला दीड मिलिग्रॅमहून अधिक झाला, तर दातांवर तपकिरी डाग पडतात, आणि त्याहून पुष्कळ अधिक असेल तर हाडे ताठतात, पाठ वाकते. भारतात या विकाराची पहिली नोंद 1937 साली नेल्लोर जिल्ह्यातून झाली. तेलंगणातील नलगोंडा, महाराष्ट्रातील यवतमाळ आणि चंद्रपूर, आणि आपल्या उत्तर कर्नाटकातील कोरडे तालुके यांना हे दुखणे ठाऊक आहे. फ्लुओराइड मुख्यतः खोल खडकातून पाण्यात उतरते, म्हणून विंधन विहीर जितकी खोल जाईल तितकी तपासणीची गरज वाढते. पाणी नितळ दिसते, चवीत फरक कळत नाही. नागपूरच्या ‘नीरी’ या संस्थेने तुरटी आणि चुना वापरून असे पाणी शुद्ध करण्याची जी रीत काढली, ती ‘नलगोंडा तंत्र’ या नावाने ओळखली जाते.

एकाच कुळातील एकाची उणीव मारक आणि दुसऱ्याचे आधिक्य मारक! मिठात आयोडीन घालणे हितकर आहे, म्हणून पाण्यातले फ्लुओरीनही हितकरच असेल, असा तर्क कोणी केला, तर तो कुळाच्या नावाने केलेला आंधळा तर्क होईल.

समारोप

आज सारणीत 118 मूलद्रव्ये आहेत. निहोनियम, मॉस्कोव्हियम, टेनेसाइन आणि ओगॅनेसॉन या शेवटच्या चौघांना 2016 साली नावे मिळाली आणि सातवी ओळ पूर्ण झाली. ओगॅनेसॉनचे घर निष्क्रिय वायूंच्या तळाशी आहे. पण गणिते अशी सुचवतात की, तो पुरेसा जमवता आला असता तर बहुधा वायू नसता आणि फारसा निष्क्रियही नसता. कुळाची पायरी इतकी खाली उतरली की कुळाचे नावच अपुरे पडू लागते.

माजी विद्यार्थ्यांपैकी जे शिक्षक आहेत, डॉक्टर आहेत, गावच्या पाणीपुरवठ्याचे काम पाहतात, त्यांच्यापुढे माझी एवढीच विनंती आहे. मुलांना कुळे अवश्य शिकवा, पण प्रत्येक वेळी दोन प्रश्न विचारायला लावा : हा कोणासारखा आहे? आणि त्याच्यापेक्षा किती वेगळा आहे? पहिल्या प्रश्नाच्या उत्तरातून मेंडेलीव्ह यांना न पाहिलेले गॅलियम दिसले. दुसरा प्रश्न ज्यांनी विचारला नाही, त्यांनी मिठाच्या जागी लिथियम खाल्ले. शाळेने आपल्या विहिरीच्या आणि नळाच्या पाण्याचे नमुने वर्षातून एकदा मुलांच्या हातून तपासणीस पाठवले आणि येणारे आकडे फळ्यावर लिहिले, तर आवर्त सारणी त्या मुलांना पुन्हा पाठ करावी लागणार नाही, आणि गुरुजींच्या स्मृतीला ते उचित अभिवादन ठरेल.